तीन वर्षांच्या वॉरंटीतले एकच वर्ष

दादा: सर्वांना नमस्कार. आपल्या सामायिक कॅम्परची, म्हणजे प्रवासात आत राहता येईल अशा गाडीची, एक वर्षाची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपत आहे. आतील उपकरणांसाठी, म्हणजे फ्रिज, गीझर, छतावरचा एसी, गॅसचा हीटर, शेगडी आणि पाण्याचा पंप यांसाठी, विक्रेत्याने तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचा प्रस्ताव दिला आहे. रक्कम चारही घरांनी मिळून भरायची असल्यामुळे मी एकट्याने निर्णय घेणे योग्य नाही. माझा कल घेण्याकडे आहे, कारण प्रवासात फ्रिज बंद पडला तर तिथे दुरुस्त करणारा माणूस मिळवणे घरच्या फ्रिजइतके सोपे नसते.

आत्या: अरे, घाई करू नकोस. आमच्या आधीच्या कॅम्परसाठी आम्ही अशीच वॉरंटी घेतली होती. तिसऱ्या वर्षी गीझरची टाकी आतून गंजून गळू लागली, तेव्हा त्यांनी दरवर्षीच्या देखभालीच्या पावत्या मागितल्या. टाकीतला अ‍ॅनोडचा दांडा, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारा धातूचा दांडा, तुझे काका वेळच्या वेळी स्वतः बदलत असत, पण घरी केलेल्या कामाची पावती कोण ठेवणार? क्लेम नाकारला गेला आणि भरलेले पैसेही गेले. मला आजही त्याचे वाईट वाटते, कारण कामात आमच्याकडून कसलीही कुचराई झालेली नव्हती.

ताई: शेगडी आणि पंप यांचा विचार करण्याची गरज मला वाटत नाही. शेगडीत बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि पंप अर्ध्या तासात बदलता येतो.

वहिनी: काल रात्री मी करार शेवटपर्यंत वाचला. माहितीपत्रकात ‘तीन वर्षे संरक्षण’ असे ठळक छापले आहे, परंतु करारातील व्याख्येनुसार ही तीन वर्षे कॅम्पर खरेदी केल्याच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणजे त्यातले एक वर्ष जवळजवळ संपलेले आहे. त्याशिवाय आपली संपणारी वॉरंटी ही कॅम्पर बांधणाऱ्या कंपनीची आहे; फ्रिज आणि एसी वेगळ्या कंपन्यांचे असून त्यांच्या पुस्तिकांमध्ये त्या कंपन्यांची स्वतःची दोन वर्षांची वॉरंटी दिलेली आहे. याचा अर्थ, सर्वांत महाग असलेल्या या दोन उपकरणांसाठी आपण पैसे तीन वर्षांचे भरणार आणि प्रत्यक्षात वाढणार ते फक्त तिसरे वर्ष.

दादा: हे माझ्या लक्षात आले नव्हते, हे मान्य करतो. तरीही ते तिसरे वर्ष निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही.

मोठे काका: निरुपयोगी नाही, पण त्या वर्षात नेमके काय बिघडू शकते आणि त्यातले करारात काय बसते, हे पाहिले पाहिजे. आपला फ्रिज घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा नाही, तो शोषण पद्धतीचा आहे. त्यात अमोनिया आणि पाणी यांचे द्रावण गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने तापवले जाते, अमोनियाची वाफ वेगळी होते आणि थंड होऊन द्रव बनते, पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्या द्रवाचे बाष्पीभवन होताना आतली उष्णता शोषली जाते आणि शेवटी ती वाफ पुन्हा पाण्यात विरघळते. या सगळ्यात फिरणारा भाग एकही नाही, त्यामुळे झीज अशी फारशी होत नाही. मात्र द्रव केवळ उतारामुळे परत वाहतो. गाडी तिरकी उभी करून फ्रिज तासन्‌तास चालू ठेवला, तर द्रव अडतो, तापवण्याची नळी प्रमाणाबाहेर तापते आणि गंज रोखण्यासाठी घातलेले रसायन आत साचून ती कायमची तुंबू शकते. मग शीतकरणाचा संपूर्ण भागच बदलावा लागतो. चालत्या गाडीत कल सतत बदलत असल्याने हा धोका कमी असतो. खरा धोका मुक्कामी असतो.

वहिनी: काका, तुम्ही सांगितल्यामुळे मी अपवादांचे पान पुन्हा पाहिले. ‘समपातळीत न ठेवता वापरल्यामुळे झालेले नुकसान’ स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे.

मोठे काका: तेच मला म्हणायचे होते, सूनबाई. एसीचेही तसेच आहे. मुक्कामाच्या जागी लांब आणि बारीक तारेवरून वीज घेतली की व्होल्टेज उतरते, कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त प्रवाह ओढतो आणि त्याचे वेटोळे तापून जळते. करारात हे ‘अयोग्य वीजपुरवठा’ म्हणून वगळलेले असणार, ते तपासून पाहा. जे बिघाड आपल्या सवयींमुळे होतात ते बहुतेक कराराबाहेर, आणि जे जन्मजात दोषामुळे होतात ते बहुधा सुरुवातीच्या काळातच, म्हणजे मूळ वॉरंटी चालू असतानाच उघड होतात. मधल्या जागेत उरतात ती प्रामुख्याने सर्किट बोर्ड. फ्रिज, हीटर आणि गीझर या तिन्हींत ती असतात, रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यांचे जोड सैल होतात आणि ती कोणतीही सूचना न देता बंद पडतात. वाढीव वॉरंटीचा खरा उपयोग असलाच तर तिथे आहे.

मी: मी एक साधा हिशेब करून पाहिला. फ्रिज पूर्णपणे बदलण्याचा खर्च १०० धरला, तर मागितलेली रक्कम त्याच मापात ४० च्या आसपास येते. शिवाय प्रत्येक क्लेमच्या वेळी आपण भरायचा हिस्सा ५ आहे. सर्किट बोर्डचा खर्च मात्र मजुरीसह २० पेक्षा जास्त दिसत नाही. म्हणजे एकाच वर्षात दोन बोर्ड गेले तरी आपल्या हाती ३० येतील आणि ४० गेलेले असतील. सर्व उपकरणे एकत्र धरूनही, वाढलेल्या मुदतीत एखादे मोठे उपकरण पूर्ण निकामी झाले आणि तेही करारात बसणाऱ्या कारणाने झाले, तरच ही रक्कम वसूल होण्याची खरी शक्यता आहे. चार घरांत वाटला तर फ्रिजचा पूर्ण खर्चही आपल्याला कोणालाच कर्ज काढायला लावणारा नाही. तसे असते तर मी वेगळे मत दिले असते, कारण न पेलणाऱ्या खर्चासाठी हिशेबात थोडे नुकसान सोसणेही शहाणपणाचे ठरते.

आत्या: आणखी एक गोष्ट विचारून घ्या. आमच्या करारात दुरुस्तीपूर्वी परवानगी घेण्याची अट होती. सुट्टीच्या दिवशी कोणी फोन उचलत नसे आणि परवानगीशिवाय केलेले काम मान्य होत नसे. दादा, तू रस्त्यात अडकण्याची काळजी करतो आहेस, पण त्या अटीमुळे अडकून राहण्याचा काळ वाढतोच. कारागिराच्या येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हेही त्यात लिहिलेले नसते.

वहिनी: आपल्या करारातही पूर्वपरवानगीची अट आहे, आत्या. येण्याजाण्याचा खर्च आपल्यावरच टाकलेला आहे.

ताई: पुढे कॅम्पर विकायचा झाल्यास ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, एवढे मला जाणून घ्यायचे होते.

वहिनी: होत नाही. मुदतीच्या आत रद्द केल्यास उरलेल्या काळाची रक्कम परत मिळते, पण त्यातून प्रशासकीय खर्च वजा होतो.

दादा: तर मग माझे मत मी बदलतो. या स्वरूपात वॉरंटी घेऊ नये. मी आज विक्रेत्याला लेखी विचारतो की मुदत मूळ वॉरंटी संपल्यापासून मोजली जाईल का आणि फक्त फ्रिज, हीटर व गीझर यांच्यासाठी वेगळा करार मिळेल का. दोन्हींना होकार आला आणि रक्कम त्या प्रमाणात उतरली, तर पुन्हा इथेच चर्चा करू. नकार आल्यास मागितलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम चौघांनी मिळून कॅम्परच्या सामायिक खात्यात वेगळी ठेवावी आणि ती उपकरणांच्या दुरुस्तीशिवाय कशासाठीही वापरू नये. कोणाची हरकत आहे का?

मोठे काका: माझी हरकत नाही. फ्रिजजवळ पाणसळ कायमची बसवून घेतो आणि व्होल्टेज दाखवणारा मीटर वीज जोडण्याच्या जागी लावतो.

आत्या: मान्य आहे. आणि पावत्यांची फाइल आजपासून सुरू करा. घरी केलेल्या कामाचीही तारीख घालून छायाचित्रासह नोंद ठेवा. कंपन्यांची दोन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे, तिथेही ती उपयोगी पडेल.

वहिनी: फाइल मी करते. फ्रिज आणि एसीचे अनुक्रमांक असलेल्या पट्ट्यांची छायाचित्रे ज्यांच्याकडे आता कॅम्पर आहे त्यांनी आज संध्याकाळपर्यंत पाठवावीत, कारण कंपनीकडे नोंदणी झाली आहे की नाही हे मला उद्याच तपासायचे आहे.

ताई: कॅम्पर आमच्याकडे आहे. तासाभरात पाठवते.