अमेरिकन मसल कार: आईवडिलांची धास्ती रास्त होती का?

वाचनवेडी:

साठच्या दशकातील अमेरिकन मध्यमवर्गाविषयी सध्या माझे वाचन चालू आहे आणि त्यात एक विषय पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, तो म्हणजे पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, शेव्हरोले शेव्हेल, प्लिमथ रोड रनर यांसारख्या ‘मसल कार’, म्हणजे साध्या घरगुती गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाड्या, आणि त्यांच्यापायी घराघरांत झडलेले वाद. सोळाव्या वर्षी वाहन परवाना हाती पडणाऱ्या देशात मुलांना गाड्यांचे वेड लागणे समजू शकते आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येणे तर कोणत्याही देशात समजू शकते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्या काळच्या इतर अमेरिकन गाड्यांपेक्षा या गाड्यांत खरोखरच जास्त धोकादायक असे काही होते, की लांब केस आणि रॉक संगीत यांच्यासारखीच हीदेखील दोन पिढ्यांमधली कुरबुर होती?

दुसरी शंका अशी की १९७३ च्या तेलसंकटाने या गाड्या संपवल्या, असे जिथे तिथे लिहिलेले आढळते. परंतु १९६६ मध्ये ९६ हजारांहून अधिक असलेली जीटीओची वार्षिक विक्री १९७२ मध्येच सहा हजारांच्या खाली आलेली दिसते. मग तेलसंकटाच्या आधी नेमके काय बिनसले? तांत्रिक बाजू कृपया सोपी करून सांगावी. माझे गाडीचे ज्ञान स्टिअरिंगमागे बसण्यापुरतेच आहे.

पिस्टनराव:

ताई, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की धास्ती रास्त होती, पण बहुतेक पालक चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवत होते. ते इंजिनाला घाबरत होते. घाबरायला हवे होते ब्रेकना.

जीटीओचा जन्म कसा झाला ते पाहिले की हे स्पष्ट होईल. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सर्व विभागांना मोटार शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश दिला. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा कंपनीचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले की त्यांचे ३२६ घनइंची आणि ३८९ घनइंची इंजिन बाहेरून सारख्याच मापाचे असल्यामुळे लहान इंजिनाच्या जागी मोठे बसवायला फारसे काहीच बदलावे लागत नाही. राहिला प्रश्न दंडकाचा. तो गाडीच्या मॉडेलला लागू होता, जादा साहित्याला नव्हता, म्हणून त्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम आकाराच्या गाडीवर सुमारे २९५ डॉलरचा एक ‘पर्याय’ म्हणून जीटीओ विकायला काढली. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक गाड्या गेल्या.

अनेक घरांतील वादाचे मूळ मला या पर्यायाच्या खुणेत दिसते. त्या वेळी बहुतेक राज्यांत कायद्याने सज्ञान होण्याचे वय २१ होते, त्यामुळे मुलाने हप्त्याने गाडी घ्यायची तर कागदावर थोरल्यांची सही लागे. वडिलांना शोरूममध्ये दिसे ती शेजाऱ्यांकडे असते तशीच, पाच माणसे आणि सामान मावणारी सभ्य गाडी. मुलाचे लक्ष मात्र ऑर्डरच्या कागदावरील एका चौकटीकडे असे. त्या चौकटीत खूण केली की ३२५ अश्वशक्ती मिळे आणि तीन कार्ब्युरेटरची (कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) ‘ट्राय-पॉवर’ निवडली तर ३४८. त्या तिघांपैकी मधला एकच कार्ब्युरेटर एरवी चाले. पेडल खोलवर दाबले की उरलेले दोन उघडत आणि गाडी सुसाट सुटे. आईला बाजारात सोडताना हे दोन उघडत नसत, हे वेगळे सांगायला नको.

आता ब्रेकविषयी. एवढी ताकद दिली, पण १९६४ च्या जीटीओच्या चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेकच होते, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या बंद डब्याला आतून अस्तर दाबून थांबवणारे ब्रेक. ड्रम ब्रेक वेगात दोनचारदा जोराने दाबले की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तराची पकड कमी होते आणि पेडल तळाला जाऊनही गाडी थांबायला तयार नसते. त्यातच ब्रेकच्या तेलाचा मार्ग चारही चाकांना मिळून एकच होता, म्हणजे एक नळी गळली की सगळेच ब्रेक गेले. पुढे जड लोखंडी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि मागे हलके बूड, त्यावर जुन्या पद्धतीचे तिरप्या धाग्यांचे अरुंद टायर. ओल्या रस्त्यावर वळणात पेडल दाबले तर मागची चाके केव्हा निसटतील याचा नेम नसे. म्हशीच्या गळ्यात शेळीचे दावे बांधावे, तसा हा प्रकार होता. पुढे उघड्या तबकडीला पकडणारे, त्यामुळे लवकर थंड होणारे डिस्क ब्रेक मिळू लागले, पण कित्येक वर्षे तेही जादा पैसे मोजूनच.

तुमच्या प्रश्नाला नेमकेपणाने उत्तर द्यायचे तर ब्रेक आणि टायर हे दोष त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत होते. मसल कारमध्ये ते दोष तेच राहिले आणि वेग तेवढा वाढला.

जाता जाता, प्लिमथ आणि डॉज ही नावे मुंबईकरांना परकी नव्हती, कारण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात या गाड्या जुळवल्या जात. मात्र त्या घरंदाज, संथ गाड्या होत्या. रोड रनरशी त्यांचे नाते फक्त आडनावापुरते.

मिशिगनकर:

पिस्टनरावांच्या प्रतिसादात रस्ता राहून गेला. डेट्रॉइटमधून निघून फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम अशी उपनगरे ओलांडत पॉन्टिअ‍ॅक शहराकडे जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा रुंद, दुभाजक असलेला आणि थोड्याथोड्या अंतरावर सिग्नल असलेला रस्ता आहे. सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, नजरानजर व्हायची आणि हिरवा दिवा लागताच पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत लागायची. टेड्स, टोटेम पोल यांसारख्या गाडीत बसूनच खाण्याच्या ठिकाणांवर जोड्या ठरत. पालकांना ज्याची झोप उडवणारी भीती वाटे ते हेच होते, आणि या शर्यती पूर्णपणे बेकायदा होत्या.

यातला मला सर्वांत खटकणारा भाग असा की त्या रस्त्यावर फक्त पोरे नव्हती. मोटार कंपन्यांचे अभियंतेही नव्या गाड्या घेऊन रात्री तिथे येत, असे त्या पिढीतील अनेकांनी सांगून ठेवले आहे. रॉयल ओकमधील रॉयल पॉन्टिअ‍ॅक ही विक्रेता पेढी तर गाड्यांची इंजिने अधिक तिखट करून देण्यासाठीच प्रसिद्ध होती. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने जीटीओची जी चाचणी छापली, तिच्यातील गाडीही याच पेढीने तयार केलेली होती आणि तिच्यात ३८९ ऐवजी ४२१ घनइंची इंजिन बसवलेले होते; पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिरातींची सूत्रे हलवणारे जिम वँगर्स यांनी ते पुढे कित्येक वर्षांनी उघड केले. पोरांनी ज्या आकड्यांची पारायणे केली, ते शोरूममधल्या गाडीचे नव्हतेच.

रस्त्यावरची शर्यत बंद पाडण्यापेक्षा तिला मैदान द्यावे, या विचाराने वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्येच नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली होती. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवर रीतसर शर्यती होऊ लागल्या आणि बरेच तरुण तिकडे वळले. पण धावपट्टीवर यायला ठरलेला दिवस लागतो, वुडवर्ड रोज रात्री उघडाच असे.

आता त्याच रस्त्यावर दर ऑगस्टमध्ये ‘ड्रीम क्रूझ’ भरते. १९९५ साली फर्नडेलमधील मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी गोळा करावा म्हणून ती सुरू झाली. गर्दी इतकी असते की कोणाला वेगाने जायचे म्हटले तरी जाता येत नाही, आणि चालवणारे बहुतेक जण आजोबा झालेले असतात.

विमावाला_निवृत्त:

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचे उत्तर माझ्या व्यवसायात दडलेले आहे. तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मध्ये आली; मसल कार त्याआधीच विमा कंपन्यांच्या हप्त्यांनी आडव्या पाडल्या होत्या. साठच्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी गाडीचे वजन आणि तिची अश्वशक्ती यांचे गुणोत्तर मोजायला सुरुवात केली आणि ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीवर जबर अधिभार लावला. चालक पंचविशीच्या आतला अविवाहित पुरुष असेल, तर त्यावर आणखी अधिभार. रोड रनर १९६८ मध्ये २,८९६ डॉलरपासून मिळत असे, ती मुद्दाम तरुणांच्या खिशाला परवडावी म्हणूनच काढलेली होती. पण गाडीचा हप्ता भरणाऱ्या पोराला विम्याचा हप्ता झेपेना. बापाने कितीही समजावले तरी जे घडले नाही, ते विमा एजंटच्या एका कागदाने घडवले.

यावर कारखान्यांनी काढलेला तोडगा मजेशीर होता. फोर्डने १९६८ मध्ये ४२८ घनइंची कोब्रा जेट इंजिनाची शक्ती कागदावर अवघी ३३५ दाखवली, ती प्रत्यक्षात बरीच जास्त होती हे सर्वांना ठाऊक होते. प्लिमथने १९७० मध्ये डस्टर ३४० आणली, ती लहान आकाराची, साध्या नावाची आणि तरीही वेगवान गाडी होती. अशी लपवाछपवी फार काळ चालत नसते.

जोडीला १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून आपल्या सगळ्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटण्याआधी किती दाबले जाते ते प्रमाण, उतरवले, त्याने ताकदही घटली; आणि प्लिमथची मूळ कंपनी क्रायस्लरने आपले ताकदवान ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन त्याच वर्षानंतर बंद केले. तेलसंकटाने शेवटचा धक्का दिला, हे मान्य. पण तोवर गाडी उताराला लागलेली होती.

वाचनवेडी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न राहतो. १९७१ आणि १९७२ च्या माहितीपत्रकांत त्याच इंजिनाची अश्वशक्ती एकदम घटलेली दिसते. ही घट खरी होती, की विम्यासाठी केलेली तीच लपवाछपवी?

पिस्टनराव:

थोडी खरी, थोडी मोजपट्टीची. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत, म्हणजे इंजिन बाहेर काढून, एअर फिल्टर, नेहमीचा सायलेन्सर आणि अल्टरनेटरसारखा भार न जोडता चाचणी-मंचावर मोजलेली शक्ती. १९७२ पासून ही सगळी साधने जोडून मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती छापणे रूढ झाले. पॉन्टिअ‍ॅकचे ४५५ घनइंची एच.ओ. (हाय आउटपुट, म्हणजे जादा ताकदीचे) इंजिन घ्या: १९७१ मध्ये ग्रॉस ३३५ आणि नेट ३१०, तर १९७२ मध्ये नेट ३००. म्हणजे वरवर ३५ ची घसरण दिसते, त्यातली २५ केवळ मोजण्याच्या रीतीमुळे आहे आणि प्रत्यक्ष कमी झाली ती १०. म्हणून जुन्या पत्रकांतील दोन वर्षांची तुलना करताना आकड्यापुढे ग्रॉस लिहिले आहे की नेट, ते आधी पाहावे. १९७० आणि त्याआधीच्या पत्रकात काहीच लिहिलेले नसेल, तर तो आकडा ग्रॉस आहे असे धरून चालायला हरकत नाही.