कोजागरीचे निवेदन : गीता दत्त

सांस्कृतिक समिती : नमस्कार. कोजागरीला गच्चीवर यंदा पार्श्वगायिका गीता दत्त यांची गाणी होणार आहेत. ए-२०१ मधील काकांनी लिहिलेला निवेदनाचा मसुदा काल ग्रुपवर टाकला आहे. सूचना आजच कळवाव्यात.

बी-३०४ : काका, भाषा सुरेख आहे, परंतु पहिल्या परिच्छेदात मद्य, विस्कटलेला संसार आणि २० जुलै १९७२ रोजी अवघ्या ४१ व्या वर्षी यकृताच्या विकाराने आलेला मृत्यू एवढे सगळे येऊन जाते आणि पहिले गाणे मात्र चौथ्या परिच्छेदात उगवते. शिवाय ‘त्यांनी स्वतःचेच दुःख गायले’ हे विधान मला पटत नाही. ‘दो भाई’मधील ‘मेरा सुंदर सपना बीत गया’ हे गाणे १९४७ चे. तेव्हा त्या १६ वर्षांच्या गीता रॉय होत्या, फरीदपूरहून मुंबईत आलेल्या एका बंगाली कुटुंबातील मुलगी, आणि पुढे पती झालेले दिग्दर्शक गुरुदत्त यांची ओळखही अजून व्हायची होती. मग त्या गाण्यातली व्यथा कोणत्या संसारातून आली?

ए-२०१ : मुद्दा मान्य. तरीही १९५९ च्या ‘कागज़ के फूल’मधील ‘वक़्त ने किया’ ऐकताना त्या घरात काय चालले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते विसरावे कसे?

बी-३०४ : विसरू नये, पण त्या गाण्याचे श्रेय वाटताना गीतकार कैफ़ी आझमी आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांना वगळू नये, एवढेच म्हणणे आहे. १९५१ मध्ये ‘बाज़ी’साठी कवी साहिर लुधियानवी यांच्या गझलेला बर्मनदांनी क्लबमधल्या गाण्याचा ठेका दिला आणि भजने, विरहगीते गाणाऱ्या या मुलीने ‘तदबीर से बिगड़ी हुई’ अशा काही खट्याळपणे म्हटले की तिच्याकडे पाहण्याची संगीतकारांची दृष्टीच बदलली. त्याच चित्रपटाच्या वेळी गुरुदत्त भेटले. १९५३ मध्ये लग्न झाले. पुढे ‘आरपार’चे ‘बाबूजी धीरे चलना’ आणि ‘साहिब बीबी और ग़ुलाम’चे ‘न जाओ सैंया’ हे दोन टोकांचे सूर एकाच गळ्यातून निघाले. केवळ दुःखावर गाणारीला पहिले गाणे जमले नसते. (दुसरे तर, माझ्या मते, मीनाकुमारींच्या अभिनयाइतकेच त्या दृश्याचे प्राण आहे.)

सी-१०२ : गोव्यात कार्यक्रम आहे, म्हणून एक भर. ‘आरपार’चे संगीतकार ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद-संयोजन अनेक वर्षे आपल्या सेबास्तियन डिसोझा यांनी केले. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे कितीतरी जण इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत नोटेशन शिकून गेलेले गोंयकार होते. ‘आरपार’च्या आधी हे दोन वाक्यांत सांगावे.

ए-२०१ : हे नक्की घालतो आणि सुरुवात १९४७ पासून करतो. मात्र १९६४ नंतरचा भाग मी गाळणार नाही. १० ऑक्टोबर १९६४ ला गुरुदत्त गेले, त्या मनाने कोसळल्या, तीन मुले पदरात, पैशांची ओढाताण. अशा अवस्थेत रंगमंचावर गाऊन आणि १९६७ मध्ये ‘बधू बरण’ या बंगाली चित्रपटात भूमिका करून त्यांनी घर चालवण्याची धडपड केली. ती झाकली तर पिण्याचीच गोष्ट तेवढी लोकांच्या लक्षात राहते.

बी-३०४ : धडपड जरूर सांगा, त्यानंतर लगेच १९७१ च्या ‘अनुभव’मधील ‘मुझे जाँ न कहो मेरी जाँ’ ठेवा. कनू रॉय यांनी मोजकीच वाद्ये वापरली आहेत, त्यामुळे आवाज अगदी जवळून ऐकू येतो, आणि त्यात तक्रारीचा सूर औषधालाही नाही.

सांस्कृतिक समिती : ठरले. गाणी सालवार होतील. ‘अनुभव’मधील गाणे ए-२०१ मधील काकींनी म्हणावे आणि साथीला फक्त पेटी असावी.