धार आतून की बाहेरून?
पाइपच्या तुकड्यापासून पंच (ठोकून गोल चकती किंवा भोक कापायचं हत्यार) करताना धार कुठल्या बाजूने लावायची, हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. चकती हवी असेल तर कानस बाहेरूनच मारा. आतली भिंत सरळ राहते आणि चकती नळीच्या आतल्या व्यासाइतकी, उभ्या कडेची निघते. भोक नेमकं हवं असेल तर उलट, धारेचा उतार आतून. नळी बारीक असेल तर ड्रिलमध्ये धरून फिरवत कानस टेकवा, उतार सगळीकडे सारखा येतो (डोळ्यांवर चष्मा हवाच). ठोकताना खाली लोखंड मुळीच नको, ओंडक्याचा आडवा कापलेला ठोकळा घ्या, धार टिकते. रबर कापायचं असेल तर साबणाचं पाणी लावा. आणि नळीला बाजूने एक खिडकी कापा, आत अडकलेल्या चकत्या तिथून सहज ढकलता येतात.