मदत हवी आहे: भरती-ओहोटीच्या नदीत एकट्याने कॅनू, नांगर टाकला की होडी आडवी

कॅनू १५ फुटी, उघडी, दोन बैठकांची. माणूस एकच, गळाने मासे धरायला जाणारा. भरती-ओहोटीतला फरक साधारण ३ मीटर. मागच्या बैठकीवर बसलं की नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलली जाते आणि वाऱ्याने भलतीकडे वळते. दीड किलोचा घडीचा नांगर मधल्या आडव्या दांडीला बांधला आहे, पण धार वाढली की होडी आडवी होऊन धार येते त्या अंगाला कलते. शिवाय मुखाकडे जाऊन परतताना ओहोटी नेमकी समोरून. निघायचं कधी आणि नांगर बांधायचा कुठे?

वल्हेवाला:
नांगर मधे बांधणं आधी बंद करा, बाकीचं नंतर. आडव्या होडीवर पाणी चढतं, दोरी ती कड खाली ओढते आणि उघडी कॅनू काही सेकंदांत भरते. दोरी कायम टोकावरूनच सुटली पाहिजे. पण एकट्याला टोकापर्यंत सरकता येत नाही, म्हणून दोन्ही टोकांना एकेक कप्पी लावा, त्यातून दोरीचा बंद फेरा फिरवा आणि फेऱ्यात एक कडी अडकवा. नांगराची दोरी कडीतून ओवायची, बसल्या जागी फेरा ओढून कडी टोकाला न्यायची, मग फेरा पक्का करायचा. कडी मधे असताना नांगराला ताण येऊ देऊ नका.

दोरीची लांबी खोलीच्या निदान पाचपट ठेवा, पुढे एक-दीड मीटर साखळी. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि नांगराचे दात रुततात. आखूड दोरीवर नांगर नुसता उड्या मारतो. आणि भरती चढत असेल तर खोली आत्ताची नव्हे, तासाभरानंतरची धरा.

बैठकीचं सोपं आहे. पुढच्या बैठकीवर तोंड मागे करून बसा. ती मध्याच्या जवळ असते, त्यामुळे होडी बरीच सपाट राहते (दोन्ही टोकं सारखी असतील तरच, बैठकीच्या मागची आडवी दांडी पायांना आड येत नाही ना, तेही बघा). तरी नाळ हलकी वाटली तर समोर १५ लिटर गोड्या पाण्याचा कॅन बांधा. दगड नको. होडी भरली तर पाण्याचं वजन तिला बुडवत नाही, दगडाचं बुडवतं.

सुकती:
वेळेबद्दल. दिशा उलटी करा: भरतीबरोबर वर जा, ओहोटीबरोबर परत या. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, बाराव्या भागांचा ठोकताळा १-२-३-३-२-१ (एकूण चढाचे बारा भाग धरले तर प्रत्येक तासाला इतके भाग). तुमच्या ३ मीटरला तासागणिक २५, ५०, ७५, ७५, ५०, २५ सेंटीमीटर. ओहोटीलाही तसंच. धार सगळ्यात जोरात तिसऱ्या-चौथ्या तासात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघा, पाणी थांबेल तेव्हा गळ टाका, ओहोटीचे दोन तास व्हायच्या आत काठाला लागा. त्यानंतर उतरायच्या जागी चिखल उघडा पडतो, आणि त्यात पाय टाकणं हे उलटण्याइतकंच वाईट.

ठोकताळा खुल्या किनाऱ्याचा आहे. नदीत आत भरती उशिरा पोचते, चढायला कमी आणि उतरायला जास्त वेळ घेते. वर पाऊस झाला असेल तर ओहोटी आणखी जोरात. भरतीच्या तक्त्यापेक्षा नदीत नांगरलेल्या होड्या बघा. त्या ज्या बाजूला तोंड करतात तिकडून धार येते. त्या इकडे-तिकडे फिरायला लागल्या की पाणी पालटतंय.

दुपारचा वारा समुद्रावरून आत येतो, ओहोटी बाहेर जाते. दोघांची गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळची भरती निवडा. ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सुरुवातीला भांगाचे दिवस (अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) धरा, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) धार फार.

प्रश्नकर्ता:
फेरा समजला. पण नांगर तळाशी अडकला तर? जोर लावला की होडी कलते.

वल्हेवाला:
जोर लावायचाच नाही. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता तळाच्या, दातांकडच्या भोकाला शॅकलने (खिळ्याने बंद होणाऱ्या कडीने) जोडा, मग दांड्याला समांतर वर आणून वरच्या कडीला एका बारीक प्लास्टिक टायने अडकवा. एरवी ओढ वरून लागते. अडकला तर होडी नांगराच्या डोक्यावर आणून दोरी ताठ करा. टाय तुटते आणि नांगर उलट्या बाजूने ओढला जाऊन सुटतो. खिशात चार-पाच जादा टाय हव्यात. जाड टाय लावू नका, तुटली नाही तर सगळं फुकट.

सुकती:
आणि दोरीचं होडीतलं टोक गाठ मारून बांधू नका. पकडीच्या क्लीटमध्ये (दोरी दाबून धरणाऱ्या खाचेत) दाबा आणि शेवटाला एक तरंगता गोळा लावा. मोठी बोट अंगावर येत असेल किंवा मासा दोरीला गुंडाळत असेल, तर क्लीटमधून सोडून द्या, गोळा नंतर उचलता येतो. सुरी लाइफ जॅकेटवर लावा, डब्यात नको. जॅकेट अंगातच.

गळ कुठे टाकायचा हे विचारलं नाहीत, तरी: ओहोटी सुरू झाली की लहान ओहोळाच्या तोंडाशी, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या रेघेवर. पाण्याबरोबर बारीक मासळी बाहेर येते आणि मोठा मासा तिथेच थांबलेला असतो. ओहोळात शिरू मात्र नका, पाणी गेलं की होडी आतच बसते.