८७ची पद्मिनी: साठच्या आसपास स्टेअरिंग थरथरतं, काय असेल?

सातारकर_८७
नमस्कार मंडळी. बाबांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी (ते अजून 'फियाट'च म्हणतात) दोन वर्षं शेडमध्ये एकाच जागी उभी होती. दिवाळीत बाहेर काढली. गावात फिरवताना काहीच जाणवत नाही. वाईला निघालो, आनेवाडी टोलनाका सोडला आणि काटा ५५ वर गेला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. ६५ ला तर डॅशबोर्डवरचा गणपती नाचतो. ७५ ला बरंच शांत. ब्रेक मारला तरी वाढत नाही. पाचवड येईपर्यंत थोडं कमी होतं, पण जात नाही.

मेकॅनिकने आधी टाय रॉड एंड (स्टेअरिंग चाकाला जोडणारे सांधे) बदलले, मग बॅलन्सिंग, मग किंगपिनचा (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचा) सेट. थरथर जशीच्या तशी. आता म्हणतो गिअरबॉक्सचं माउंटिंग बदलू. बाबा म्हणतात, "त्याला म्हणावं एकदाच नवी गाडी घेऊन दे."

हायवेप्रेमी
अलाइनमेंट करून घ्या. माझ्या गाडीला तेच होतं.

सातारकर_८७
दोनदा केलं.

जुना_पाना
अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खाते. ठरावीक स्पीडला थरथरून पुढे शांत होणं हा गोल फिरणाऱ्या वस्तूचा दोष. तीस वर्षं फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरच उघडतोय, म्हणून सांगतो: आधी पार्ट घेणं थांबवा.

पुढची दोन्ही चाकं मागे टाका, मागची पुढे. फुकटचं काम आहे. थरथर स्टेअरिंगमधून जाऊन सीटखाली आली, तर दोष चाकात. हलली नाही, तर हब, ड्रम, बेअरिंग बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. डगडगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. डगडग बंद झाली तर बेअरिंग ढिलं, राहिली तर किंगपिन.

आणि बॅलन्सिंगवर विसंबू नका. वेडंवाकडं टायरसुद्धा शिसं ठोकून मशिनवर शून्य दाखवतं. रस्त्यावर ते उड्या मारणारच.

गणिती_गिअर
माउंटिंगबद्दल: ६५ ला थरथर सुरू असताना गाडी न्यूट्रल करून सोडून बघा (रस्ता मोकळा असेल तरच). इंजिन आयडलला आलं तरी थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनचा किंवा माउंटिंगचा नाही. ५.२०-१४ टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी, म्हणजे ६० ला चाक सेकंदाला साधारण साडेआठ वेळा फिरतं. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून शाफ्टचा किंवा सेंटर बेअरिंगचा दोष पायाखाली बारीक झणझण देतो. गणपती नाचवण्याइतकी सावकाश, मोठी थरथर चाकाचीच. टायर कोणत्या साली बनलेत?

सातारकर_८७
न्यूट्रल केली, थरथर तशीच. चाकं अदलाबदल केली आणि स्टेअरिंग एकदम शांत! आता मागच्या सीटवर आई म्हणते, "बूड हलतंय."

मग ती दोन चाकं एकेक करून परत पुढे चढवून जॅकवर फिरवली. टायरपासून कणभर अंतरावर विटेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ठेवला. एक चाक सारखं फिरलं. दुसरं प्रत्येक फेरीला एका जागी स्क्रूड्रायव्हरला 'टक' करून सरकवत होतं. त्या जागी खडूने खूण केली, हात फिरवला तर रबराखाली अंड्याएवढा उंचवटा. बाजूवर छाप ३२१४, म्हणजे २०१४च्या ३२व्या आठवड्यातला माल. वरून नक्षी मात्र नव्यासारखी, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

जुना_पाना
फुगा आहे. त्या टायरवर हायवेला जाऊच नका, फुटेल. पाचवडपर्यंत जे कमी व्हायचं ते वेगळं: नायलॉनचं टायर एका जागी उभं राहून चपटं बसतं, गरम झालं की थोडं सुटतं. जोडी एकदम बदला. एकाच अ‍ॅक्सलला एक साधं नायलॉनचं, एक रेडियल टायर असं करू नका.

आणि ते जुने टाय रॉड एंड मेकॅनिककडून मागून घ्या, चांगले निघाले तर स्पेअर होतील.

सातारकर_८७
मागायला गेलो होतो. भंगारात दिले म्हणाला. स्टेपनीवर छाप ०९११ आहे, ती पण काढतो.

हायवेप्रेमी
माझी पण अलाइनमेंटनंतर गेली नव्हती खरं तर. रविवारी वीट घेऊन बसतो.