बास्केटबॉल संघ डेन्व्हर नगेट्सचा २०२५ चा उन्हाळा: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: आपल्या नव्या सेंटरचं (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), वलान्चुनासचं एकदाचं मिटलं. ग्रीसला पनाथिनाइकोसकडे जातो की काय अशी महिनाभर धाकधूक होती, पण तो डेन्व्हरमध्येच खेळणार. म्हणजे यादी आता जवळजवळ पूर्ण. बोला मंडळी, कसा गेला नगेट्सचा उन्हाळा?

आत्या: मला तर फार वर्षांनी बरं वाटलं. आपला हुकमी खेळाडू योकिच बाकावर जाऊन बसला की मी जागची हलत नसे, कारण तो परत येईपर्यंत आघाडी गेलेली असायची.

काका: बरं वाटण्यासारखं काय आहे त्यात? ब्रुकलिनला पोर्टर दिला तो दिला, वर २०३२ चा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) दिला, तोही कसलीच अट न घालता. आणि मिळालं काय, तर कॅम जॉन्सन. मला हा व्यवहार पटलेला नाही.

ताई: मलाही नाही काका, पण पिकमुळे नाही, पोर्टरमुळे. इथे डेन्व्हरमध्ये तो गेल्याचं अनेकांना लागलंय. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाठीच्या दुखण्याला घाबरून एकेका संघाने त्याला सोडलं आणि तो चौदाव्या नंबरपर्यंत घसरला. तेव्हा आपण घेतला. पाठीवर तीन शस्त्रक्रिया झालेला मुलगा आहे तो. २०२३ च्या फायनलमध्ये त्याचे थ्री (तीन गुणांचे शॉट) पडतच नव्हते, तरी पाचव्या सामन्यात १६ गुण आणि १३ रिबाउंड काढले, आणि त्याच रात्री आपण चॅम्पियन झालो. यंदा क्लिपर्सविरुद्ध सुट्या चेंडूवर झेप घेताना खांदा दुखावला, तरी बसला नाही. अशा माणसाला पगार जास्त म्हणून घालवायचं?

दादा: ताई, यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. पण पगार हाच मुद्दा आहे, आणि तो मालकाचा कंजूषपणा म्हणून नाही. येत्या हंगामात पोर्टरचे ३.८ कोटी डॉलर, जॉन्सनचे साधारण २.१ कोटी. हा १.७ कोटींचा फरक बाकीच्या सगळ्या व्यवहारांच्या मुळाशी आहे. नुसता पोर्टर विरुद्ध जॉन्सन असा हिशोब मांडला तर कुणीही म्हणेल की पिक फुकट गेला.

छोटी: दादा, सगळे सारखं ॲप्रन ॲप्रन करतात, ते नेमकं काय असतं? मी फक्त मॅच बघते, मला यातलं काही कळत नाही.

दादा: सांगतो, जरा लांबेल.

एनबीएत पगाराची एक मर्यादा असते, ती सॅलरी कॅप. २०२५-२६ साठी ती १५.४६ कोटी डॉलर आहे. पण आपल्याच खेळाडूंना ठेवण्यासाठी ती ओलांडता येते, त्यामुळे चांगले संघ बहुधा तिच्या वरच असतात. त्याच्या वर १८.७९ कोटींना लक्झरी टॅक्सची रेषा. ती ओलांडली की मालकाने दंड भरायचा. पूर्वी श्रीमंत मालक दंड भरून मोकळे होत. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या नव्या करारात ते बंद करायला दोन रेषा आल्या: पहिला ॲप्रन १९.५९ कोटींवर, दुसरा २०.७८ कोटींवर. यांच्या वर गेलं की पैशांबरोबर हातही बांधले जातात. दुसऱ्याच्या वर असाल तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. पहिल्याच्या वर असाल तर ट्रेडमध्ये जेवढा पगार बाहेर जातो त्याहून एक डॉलरही जास्त आत घेता येत नाही.

आता आपलं बघ. दारिओ शारिचचा पगार ५४ लाख, वलान्चुनासचा १.०४ कोटी. जवळजवळ दुप्पट. पहिल्या ॲप्रनच्या वर असतो तर सॅक्रामेंटोशी हा ट्रेड झालाच नसता. पोर्टर गेला, पगाराचा बोजा खाली आला, म्हणून शारिचच्या जागी वलान्चुनास आला.

छोटी: म्हणजे पोर्टरच्या बदल्यात खरं तर जॉन्सन अधिक वलान्चुनास?

दादा: अगदी बरोबर. मी असाच मोजतो.

काका: मोजणी छान आहे. पण २०३२ चा पिक या गणितात कुठे बसतो ते सांग. तेव्हा योकिच ३७ वर्षांचा असेल, किंवा खेळतही नसेल. संघ तळाला असेल आणि आपला पिक ब्रुकलिनकडे. ज्या वर्षी तो सगळ्यात जास्त लागेल नेमक्या त्याच वर्षी तो हातात नसणार.

आत्या: भाऊ, तुझी काळजी खरी आहे. पण योकिच आत्ता ३० चा आहे. गेल्या हंगामात सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. आजवर एकाही सेंटरने अख्ख्या हंगामात ट्रिपल-डबलची (तिन्ही आकडे दहा किंवा वर) सरासरी राखली नव्हती. असा माणूस संघाकडे असताना २०३२ साठी वाचवून काय करायचं? २०३२ मध्ये दुसरा योकिच मिळेल याची खात्री आहे का? तोही मिळाला होता दुसऱ्या फेरीत, ४१ व्या नंबरला!

काका: त्याला नशीब म्हणतात. नशिबावर संघ चालवायचा नसतो. त्यांनी किमान अट तरी घालायला हवी होती, पहिल्या चार-पाचांत आला तर पिक आपल्याकडे राहील अशी. इतपत घासाघीस करायला काय हरकत होती?

दादा: हे मला मान्य आहे काका. अट असायला हवी होती. ट्रेड योग्य, किंमत थोडी जास्त, असं माझं मत.

ताई: आणि जॉन्सन ठणठणीत आहे असं समजू नका. पोर्टरच्या पाठीच्या इतक्या गोष्टी सांगतात, पण गेल्या हंगामात पोर्टर ७७ सामने खेळला, जॉन्सन ५७. वयानेही जॉन्सन मोठा, २९ चा. पोर्टर २७ चा. थ्रीची टक्केवारी दोघांची सारखीच, ३९ च्या आसपास. रिबाउंडला पोर्टर उजवा, उंचीलाही.

मामा: मी मधूनच वाचतोय. जॉन्सन तोच ना, जो ड्युरँटच्या ट्रेडमध्ये फिनिक्सहून ब्रुकलिनला गेला होता?

दादा: हो मामा, फेब्रुवारी २०२३ मध्ये. मिकल ब्रिजेस आणि तो.

ताईचे आकडे बरोबर आहेत, पण मैदानावर काय होतं ते बघा. पोर्टर उत्तम शूटर आहे, पण चेंडू हातात आल्यावर तो एकच गोष्ट करतो. समोरचा खेळाडू अंगावर धावून आला की ड्रिबल टाकून आत घुसणं, दुसऱ्याला पास देणं, हे त्याचं काम नाही. यंदाच्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने आपल्याला तिथेच पकडलं. योकिचभोवती दोघं-तिघं उभे केले आणि बाकीच्यांना म्हणाले, करा काय करायचं ते. जॉन्सन अशा वेळी शूट करतो, घुसतो आणि पासही देतो. योकिच आणि जमाल मरेच्या शेजारी झटपट निर्णय घेणारा माणूस लागतो, २५ गुण काढणारा नाही. बचावातही तो कमी चुकतो.

आत्या: ओक्लाहोमाविरुद्धचा तो पाचवा सामना अजून डोक्यातून जात नाही माझ्या. योकिचचे ४४ गुण, चौथ्या क्वार्टरला जाताना ८ ची आघाडी, आणि तरी हरलो. दमले होते रे सगळे. पुढे सहाव्यात गॉर्डनच्या मांडीचा स्नायू दुखावला, तसाच तो सातव्यात उतरला. समोर थंडरकडे मात्र ताज्या दमाची माणसं. १२५-९३. त्या दिवशी कमी पडलं ते कौशल्य नव्हतं, माणसं कमी पडली.

मामा: तेच ओक्लाहोमा शेवटी चॅम्पियन झाले आणि त्यांना सात सामने खेळायला लावले ते आपण आणि इंडियानाने. हे विसरू नका.

आत्या: आणि त्यांचा हार्टेनस्टाइन आठवतो का? २०२०-२१ ला आपल्याकडे योकिचच्या मागे बसायचा. हंगाम संपायच्या आत त्याला क्लीव्हलंडला देऊन मॅकगी आणला. तेव्हापासून योकिचचा बदली सेंटर हा प्रश्न सुटलेलाच नाही. गेल्या वर्षी डीआंड्रे जॉर्डन, नाहीतर गॉर्डनलाच सेंटरला उभं करायचं. शारिच तर जेमतेमच दिसला. वलान्चुनास २०१२ पासून या लीगमध्ये आहे, १९-२० मिनिटांत दहाच्या वर गुण काढतो. पळत नाही, उडी मारत नाही, मान्य. पण समोरच्या संघाच्या दुसऱ्या फळीविरुद्ध तो बास्केटखाली ठाण मांडेल आणि योकिचला निवांत बसू देईल. थंडरने होल्मग्रेन आणि हार्टेनस्टाइन जोडीने उतरवले तर आपणही दोघं उतरवू शकतो. हा पर्याय आपल्याकडे आजवर नव्हताच.

छोटी: आणि ब्रूस ब्राउन परत आला!!! मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला.

ताई: त्यात मात्र मी तुझ्याबरोबर आहे छोटी. २०२३ च्या फायनलचा चौथा सामना, मायामीत. त्याने २१ गुण काढले, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. मी घरात ओरडत होते.

छोटी: पण मग तेव्हा त्याला जाऊ का दिलं?

दादा: जाऊ दिलं नाही, ठेवता आलं नाही. तो एकच वर्ष आपल्याकडे होता. एका वर्षात संघाला खेळाडूवर पुरता हक्क मिळत नाही, आधीच्या पगारावर २० टक्के वाढ एवढीच देता येते. ६५ लाखांचे ७८ लाख झाले असते. इंडियानाने दोन वर्षांचे ४.५ कोटी दिले. कोण थांबेल? पुढच्या उन्हाळ्यात केसीपी (कॉल्डवेल-पोप) ऑरलँडोला गेला, तीन वर्षांचे ६.६ कोटी, तेव्हा ॲप्रनची भीती आडवी आली. म्हणजे चॅम्पियन संघाचा दरवर्षी एकेक माणूस गळत गेला आणि त्या जागी जुजबी माणसं भरली. यंदा पहिल्यांदा उलटं झालं. ब्रूस मिनिममवर (लीगच्या किमान पगारावर) आला, टिम हार्डवे ज्युनियरही मिनिममवर. गेल्या वर्षी तो डेट्रॉइटमध्ये ७७ सामने पहिल्या पाचांत खेळला, सरासरी ११ गुण. असे दोघे मिनिममला मिळतात ते फक्त योकिचबरोबर खेळायची इच्छा असते म्हणून.

मामा: वेस्टब्रूक?

दादा: गेला. त्याने स्वतःच करारातलं पुढचं वर्ष सोडलं. काही रात्री त्याने जिंकून दिलं, काही रात्री चेंडू वाया घालवले. ब्रूस ते काम शांतपणे करेल.

काका: माणसं आणली, ठीक. खेळवणार का? कोच मलोन दहा वर्षं होता आणि तरुण पोरांना बाकावरच ठेवायचा. जनरल मॅनेजर बूथला ती पोरंच खेळवायची होती. दोघांचं इतकं फाटलं की एप्रिलमध्ये तीन सामने उरले असताना दोघांनाही एकाच दिवशी काढलं. माझा खरा प्रश्न नव्या कोचला, ॲडलमनला आहे. योकिचला ४० मिनिटं खेळवायचा मोह कुठल्याही कोचला होणारच.

दादा: काका, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि मला वाटतं उत्तर डिसेंबरपर्यंत मिळेल. मी एकच गोष्ट बघणार आहे: योकिच बसलेला असताना संघ किती मागे पडतो. पुढे जायला नको, फक्त बरोबरीत राहू दे. तेवढं झालं तरी हा उन्हाळा यशस्वी, मग जॉन्सनने १२ गुण काढले काय आणि १८ काढले काय. ॲडलमनकडून आशा आहे. सहाव्या सामन्यात आपण संकटात असताना त्याने स्ट्रॉदरला खेळवलं आणि त्या पोराने १५ गुण काढले. मलोनने खेळवला असता का, शंका आहे.

आत्या: डरॉन होम्सलाही विसरू नका. २०२४ च्या समर लीगच्या पहिल्याच सामन्यात टाच गेली बिचाऱ्याची, वर्ष वाया गेलं. आता परत उभा आहे. पण यंदा त्याच्यावर विसंबावं लागणार नाही हेच चांगलं.

मामा: बाकीचेही झोपलेले नाहीत हं. ह्यूस्टनने ड्युरँट आणला, क्लिपर्सने ब्रुक लोपेझ, बील, ख्रिस पॉल गोळा केले. पश्चिमेत पहिल्या चारात येणंसुद्धा सोपं नाही.

ताई: मला योकिचच्या कराराची काळजी वाटते. यंदा वाढवून घेतला नाही ना त्याने?

दादा: त्यात घाबरण्यासारखं काही नाही ताई. यंदा सही केली असती तर तीन वर्षं वाढली असती, पुढच्या उन्हाळ्यात चार वर्षांची वाढ मिळते. थांबण्यात त्याचाच फायदा आहे. खरी डोकेदुखी आपल्या तरुण खेळाडूंची, क्रिस्चन आणि वॉटसनची. दोघंही २०२२ च्या ड्राफ्टचे, दोघांचेही करार हंगाम सुरू व्हायच्या आत वाढवता येतात. नाही वाढवले तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरे संघ बोली लावणार.

काका: क्रिस्चनला द्या. १५ गुण, पळतो, बचाव करतो, भांडण नाही, तक्रार नाही. वॉटसनसाठी थांबा. त्याचा शॉट अजून भरवशाचा नाही.

आत्या: भाऊ, थांबलो की महागात पडतं! उंच, चपळ, कुणाच्याही अंगावर सोडता येणारा बचावपटू आहे तो. थंडरच्या शे गिलजियस-अलेक्झांडरपुढे उभं राहायला दुसरं कोण आहे आपल्याकडे?

काका: मग पगाराची रेषा परत ओलांडायची आणि पुढच्या वर्षी जॉन्सनला विकायचा?

ताई: दादा, यावर बोल. दोघांना ठेवायचं म्हटलं तर बसतं का गणितात?

दादा: दोघांना ठेवलं तर नाजी आणि आणखी एखादा कमी करावा लागेल. रात्री आकडे मांडून टाकतो. पण माझं मत आत्ताच सांगतो, मी आत्याच्या बाजूने आहे. वॉटसनला आत्ताच बांधून घ्या.