भाताच्या खाचरात निळी फुलं, जलपर्णीच शिरली काय?

शिवारकर: मंडळी, गगनबावड्याकडं आमचं भात हाय, परवा भांगलायला गेलो तर ओळींच्या मधे निळ्या-जांभळ्या फुलांची झाडं, पान बदामासारखं चकचकीत, आई म्हणतीया पंचगंगेतली जलपर्णी पुरानं आली. आणि बांधाखालच्या तळ्यात पांढरी फुलं हाईत, पाकळ्यांवर कापूस पिंजल्यासारखे केस. फोटो टाकलाय, जरा हललाय. काय असंल?

रानभुल्या: पहिलं सीतेची आसवं वाटतंय, कासला लय बघितलंय मी.

बॉटनीवाला: नाही ओ, सीतेच्या आसवांचं फूल इवलंसं, मागं टोकदार शेपटी, आणि पान शोधूनसुद्धा सापडत नाही, ती तर बारीक फुग्यांत किडे पकडणारी वनस्पती. इथं तळहाताएवढं पान दिसतंय. आणि काकूंना सांगा, कुंभी नदीचं पाणी तुमच्याकडनं खाली पंचगंगेला येतं, पंचगंगा काय उलटी डोंगर चढत नाही 😄

हे मोनोकोरिया, भातातलं नेहमीचं तण. जलपर्णीच्याच कुळातलं म्हणून फसायला होतं. जलपर्णीचा देठ फुगलेला, दाबला की स्पंजसारखा, फूल मोठं आणि वरच्या पाकळीवर मोराच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. पण नुसत्या देठावर जाऊ नका, चिखलात अडकलेल्या जलपर्णीचा देठ बारीकच राहतो, मी स्वतः रंकाळ्याच्या कडेला फसलोय. खात्री करायची तर एक फूल तोडून आतले पुंकेसर मोजा, मोनोकोरियात सहा असतात, पाच पिवळे आणि एक मोठा निळसर. शिवाय फुलांचा घोस पानाच्या देठातनंच फुटल्यासारखा दिसतो, आणि फुलं सरली की खाली वाकतो.

शिवारकर: मग लावणीनंतर लगेच कसं दिसलं नाही ओ? दोनदा भांगललंय.

बॉटनीवाला: कोवळेपणी त्याची पानं अरुंद असतात, भाताच्या रोपात मिसळून जातात, बदामी पान नंतर येतं. आता बी धरायच्या आत उपटा, बी चिखलात पडलं की पुढच्या सालीही हजर.

तळ्यातली_बाई: पांढरं माझ्याकडं द्या! कुमुदिनी ती, निम्फॉइडिस. पाच पाकळ्या, मध्ये पिवळं, पान कमळासारखं तरंगतं पण कमळ नव्हे. पान हळूच उलटं करून बघा, फुलं पानाच्या बुडाशीच झुबक्यानं येतात. फूल एकच दिवस टिकतं, दुपारी गेलासा तर मान टाकलेली. ते उपटू नका हं.

शिवारकर: सकाळी सातला गेलतो. निळ्यात सहा पुंकेसर, पाच पिवळे एक निळा, बरोब्बर. आईनं पण चष्मा लावून मोजले, आता म्हणतीया मी आधीच म्हटलेलं जलपर्णी नव्हं म्हणून 🙏